‘अलबेला’त जॅझ आला कुठून? समजून घ्या सी. रामचंद्र आणि गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याची गोष्ट

महाड-पोलादपूरकडे लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, बँडवाल्यांनी ‘भोली सूरत’ धरलं की आजोबाही भगवानदादांची स्टेप करतात. हे गाणं १९५१ च्या ‘अलबेला’चं. याच सिनेमातल्या ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ऐकू येतात.

जॅझ आणि ब्राझीलचा बोसा नोव्हा यांचा मेळ म्हटलं की जगभर ‘गेट्झ/जिल्बर्टो’ या १९६४ च्या अल्बमचं नाव निघतं. ‘अलबेला’ आला तेव्हा बोसा नोव्हाचा जन्मही झाला नव्हता. पण जॅझची वाद्यं, लॅटिन अमेरिकन ठेका आणि देशी चाल यांचा प्रयोग मुंबईत सुरू झाला होता. तो करणारा संगीतकार मराठी होता.

कोण होते सी. रामचंद्र?

पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते शास्त्रीय गाणं शिकले. सिनेमात आले ते मात्र नट म्हणून. १९३५ च्या ‘नागानंद’मध्ये ते नायक होते. पण नट म्हणून जम बसला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी हार्मोनियम हाती घेतलं.

संगीतकार म्हणून सुरुवात झाली ती तमिळ चित्रपटांतून. हिंदीत संधी दिली ती मित्र भगवानदादांनी, १९४२ च्या ‘सुखी जीवन’मध्ये. कधी राम चितळकर, कधी अण्णासाहेब अशा नावांनीही त्यांनी संगीत दिलं. गायक म्हणून नाव लावलं फक्त ‘चितळकर’. ‘भोली सूरत’चा आवाज त्यांचाच.

जॅझ त्यांच्यापर्यंत कसा पोहोचला?

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. तिथून शहरातल्या हॉटेलांत जॅझ रुजला. हा जॅझ वाजवणारे बरेचसे भारतीय वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची.

यातलं मोठं नाव म्हणजे आल्दोना गावचे अँटोनियो झेवियर वाझ, उर्फ चिक चॉकलेट. त्यांचं ट्रम्पेट ऐकून लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्र यांचे ते सहायक झाले.

काम कसं चालायचं?

संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा. पण ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन एकत्र वाजवायचे तर प्रत्येकाला काय वाजवायचं ते कागदावर लागायचं. गोव्याचे अरेंजर ते लिहून द्यायचे.

१९४७ च्या ‘शहनाई’तलं ‘आना मेरी जान’ गाजलं. १९५० च्या ‘समाधी’तल्या ‘गोरे गोरे’वर तेव्हाच्या एका लॅटिन गाण्याची छाप होती. पुढच्या वर्षी ‘अलबेला’ आला. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा निर्माते, दिग्दर्शक आणि नायकही होते. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड यात चक्क पडद्यावर दिसतो.

मग श्रेय कोणाचं?

ही उसनवारी होती, असा आरोप झाला. पण ‘अलबेला’तच पिलूच्या अंगाची ‘धीरे से आजा’ ही अंगाई आहे. दोन वर्षांनी आलेल्या ‘अनारकली’त ‘ये जिंदगी उसी की है’ भीमपलासात आहे. म्हणजे पाया रागदारीचा होता, चाल चितळकरांची होती.

मात्र गाण्यातला तो झणझणीत ब्रास आणि ठेका ही एकट्याची कमाई नव्हती. ‘गेट्झ/जिल्बर्टो’च्या नावातच दोन्ही कलाकार आहेत. आपल्याकडे गाणं ओळखलं जायचं संगीतकाराच्या आणि गायकाच्या नावाने. अरेंजर, वादक बहुतेक वेळा अंधारातच राहायचे. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले. त्यांचं ट्रम्पेट ज्यांनी ऐकलं, त्यातल्या अनेकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

पुढे काय झालं?

१९५७ मध्ये ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’ने पुन्हा धमाल उडवली. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायलं. त्याची चालही चितळकरांचीच. योगायोग असा की, त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला ‘गेट्झ/जिल्बर्टो’चं रेकॉर्डिंग झालं.

नंतर हिंदीत काम कमी झालं. मराठीत त्यांनी गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला चाली दिल्या आणि ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिलं. ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता ‘शोला जो भडके’ मोबाइलवर लावाल तेव्हा हेडफोन घाला. चितळकरांच्या आवाजामागे वाजणारी ट्रम्पेटही नीट ऐका.