इंधनाची नाडी जाणणारे रिकार्डो

जुनी स्पोर्ट्स कार अल्कोहोलवर धावावी म्हणून कार्बुरेटरचे जेट मोठे करणारा आणि इंजिनातील दाब वाढवणारा तंत्रज्ञ सर हॅरी रिकार्डो यांच्याच वाटेने जात असतो. २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये जन्मलेले रिकार्डो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी त्यांनी रचलेले १५० अश्वशक्तीचे इंजिन गाजले. मात्र त्यांना खरा ध्यास होता तो 'नॉकिंग'चे कोडे सोडवण्याचा. ताकद वाढवण्यासाठी दाब वाढवला की इंजिन ठोके देऊ लागे. युद्धानंतर शोअरहॅमच्या प्रयोगशाळेत दाब कमी-अधिक करता येणारे इंजिन बनवून त्यांनी शेल कंपनीच्या साहाय्याने एकेक इंधन पारखले. ताकदीला पडणारी मर्यादा बहुतांशी इंधनाची असते, हे त्यातून सिद्ध झाले.

या कसोटीवर अल्कोहोल सरस ठरले. बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. त्यामुळे मिश्रण थंड राहते आणि अधिक दाब सोसते. रिकार्डो यांनी शर्यतींसाठी अल्कोहोलयुक्त इंधनही सिद्ध केले. अर्थात, हा लाभ फुकटचा नव्हे. पेट्रोलच्या तुलनेत शुद्ध अल्कोहोल सुमारे दीडपट लागते आणि थंडीत इंजिन सुरू होताना कुरकुरते.

१९४८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८ मे १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. इंजिनाला हात घालण्यापूर्वी इंधनाचा स्वभाव ओळखावा, ही त्यांची शिकवण आजही उपयोगी पडते.