फार्शीचा पंडित, मराठीचा सुधारक

फार्शी काव्य म्हटले की बादशहाचा दरबार, स्तुतीचा कसिदा आणि त्याबद्दल मिळणारी खिलत यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. विसाव्या शतकात महाराष्ट्राला या काव्याचा जो थोर उपासक लाभला, त्याचा दरबार मात्र महाविद्यालयाच्या वर्गात भरत असे. माधव त्रिंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन, हे ते नाव होय.

२१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी फार्शी शिकविली. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते अग्रणी. याच मंडळातील यशवंत पुढे बडोद्याचे राजकवी झाले. जूलियनांच्या वाट्याला मात्र सुधारकाचे वादळी जिणे आले. स्त्रीपुरुषांचे प्रेम ही चोरून करावयाची गोष्ट नव्हे, हे त्यांच्या कवितेने पांढरपेशा समाजाला ऐकविले आणि त्याबद्दल टीकेचे घाव सोसले. 'सुधारक' (१९२८) या दीर्घकाव्यात तर त्यांनी सामाजिक विसंगतींचाच उपहास केला.

गझल मराठीत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचेच. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फार्शीतून मराठीत आणल्या. १९२५ साली त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. आणि याच कोशकाराने पुढे मराठीतील फार्शी शब्दांविरुद्ध लेखणी उचलली! सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला, आपल्याच जुन्या कवितांतील फार्शी शब्द बदलले आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. जी भाषा आयुष्यभर शिकविली, तिचेच ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा की स्वत्वाची जाण, हा प्रश्न तेव्हाही होता व आजही आहे.

त्याचे उत्तर पंडितांच्या सभेत मिळणार नाही. दौंड तालुक्यातील भांडगावचा शेतकरी जमिनीच्या कामासाठी तहसील कचेरीत अर्ज देतो, शिक्षक हजेरी घेतो, कारकून दप्तर उघडतो. यांतील कोणालाच आपण परकी भाषा बोलतो असे वाटत नाही. 'दिनांक' कागदावर आला, तरी लग्नाची 'तारीख'च ठरते. चलनी नाण्याप्रमाणे शब्दाचेही मोल तो कोणत्या टांकसाळीतून निघाला यावर नव्हे, तर तो किती हातांतून फिरतो यावर ठरते.

तथापि जूलियनांचा आग्रह व्यर्थ गेला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नवा शब्द घडविण्याचे सामर्थ्य मराठीत आहे, हा विश्वास त्या चळवळीने दिला. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 'छंदोरचना' या ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. त्यानंतर लवकरच, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

त्यांची मते सर्वांनी स्वीकारावीत असे नाही. पण मत बदलले तेव्हा त्यांनी प्रथम स्वतःच्याच कवितेवर कात्री चालविली. सुधारणेचा आरंभ दुसऱ्याच्या घरापासून करणाऱ्यांनी एवढे तरी त्यांच्यापासून शिकावे.