रेकॉर्डवर न छापलेले नाव

भजनात नाव होते ते बुवाचे. मागे झील धरणाऱ्यांची नावे कोणी विचारत नाही. आमच्या वलगावात काय किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात काय, रीत हीच. पण झीलकरी गप्प बसले तर बुवांना दोन अभंगांतच धाप लागते, हेही सगळ्यांना ठाऊक असते. हिंदी चित्रपटसंगीतात असा एक झीलकरी होऊन गेला. त्याच्या हाती टाळ नव्हते, ट्रम्पेट होता. त्याला लोक चिक चॉकलेट म्हणत.

हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातील हळदोणे गावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन शिकवीत. पाच रेघांवर मांडलेले सूर वाचायचे आणि वाजवायचे, हे तिथल्या कितीतरी मुलांना पाढ्यांसारखे पाठ असे. गावात पोट भरण्यासारखे काम नव्हते. मग ही मुले हातात वाद्याची पेटी घेऊन मुंबईची वाट धरीत. अंतोनियोही त्यांतलाच एक. अमेरिकेतला लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे दैवत. त्याच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून याने आपला ट्रम्पेट घडवला, आणि पुढे मुंबईच्या जाझ शौकिनांनी त्यालाच भारताचा आर्मस्ट्राँग ठरवून टाकले. चाळिशीच्या दशकात ताजमहाल हॉटेलात आणि शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड वाजू लागला.

मग काळ पालटला. 1947 साली साहेब गेला. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतल्या संध्याकाळी फिक्या पडू लागल्या. वादकांना दुसरे दार शोधणे भाग होते. ते दार मिळाले चित्रपटांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओचे.

तिथे काम कसे चाले, हे समजून घेतल्याशिवाय चिकचे मोठेपण कळायचे नाही. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी. मुखडा, अंतरा गाऊन दाखवी. पण गाण्याच्या सुरुवातीचे संगीत, दोन कडव्यांमधले तुकडे, गायकाच्या ओळीमागून व्हायोलिनने काय म्हणायचे, सॅक्सोफोनने कुठे थांबायचे, हे सारे कोणीतरी कागदावर उतरवावे लागे. आपले बहुतेक संगीतकार सरगमवाले; वादक मात्र रेघांवरचे सूर वाचणारे. या दोघांमधला दुभाषी म्हणजे गोव्याचा सहायक. तो चाल ऐके, वाद्ये वाटून देई आणि प्रत्येक वादकाचा कागद तयार करी. गाणारा आणि वाजवणारे एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. एकाची चूक झाली तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

चिकची जोडी जमली ती सी. रामचंद्रांशी. चितळकर अण्णा पुणतांब्याचे, पण त्यांनी संगीताचे धडे घेतले ते आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले. म्हणजे पाया अस्सल रागदारीचा, आणि कान मात्र सगळ्या जगाकडे उघडे. या दोघांना एकत्र ऐकायचे तर 1951 चा ‘अलबेला’ घ्यावा. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव. दादांची सारी हयात मुंबईत गेली, पण त्यांचा जन्म अमरावतीचा म्हणून सांगतात. त्यामुळे ‘अलबेला’ हे आम्हा वऱ्हाडकरांना थोडे घरचेच कार्य वाटते.

त्या चित्रपटातली अंगाई आठवा. लताबाईंचा आवाज, चालीत सारी घरातली माया. तिथे अण्णांना कुणाच्या ट्रम्पेटची गरज नव्हती. आता त्याच चित्रपटातली नाचाची गाणी आठवा. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, आणि या सगळ्यांच्या वरून सळसळत जाणारा ट्रम्पेट. चाल अण्णांची, यात शंका नाही. पण तिच्या अंगात जी वीज आहे, ती ताजच्या नाचघरातून आलेली आहे. अण्णांचा मोठेपणा असा की त्यांनी चिकला लपवले नाही. चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून ‘अलबेला’च्या पडद्यावरच दिसतात.

माझ्या पिढीने ही गाणी पडद्याआधी ऐकली ती रेडिओवर आणि लग्नाच्या वरातीत. वलगावात वरात मारुतीच्या देवळाकडे निघाली की बँडवाल्यांना पहिली फर्माईश ‘अलबेला’ची. फेटे सावरीत म्हातारेसुद्धा भगवानदादांसारखा हात हलवून दोन पावले टाकीत. बँडवाला गालफडे फुगवून जो तुकडा वाजवी, तो मुळात कुणी फुंकला होता, हे ना त्याला ठाऊक, ना नाचणाऱ्यांना. ठाऊक असणार तरी कसे? तीन मिनिटांच्या त्या रेकॉर्डवर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, संगीतकाराचे असे. वाजवणाऱ्यांचे आणि कागद लिहिणाऱ्याचे नाव घालायची पद्धतच नव्हती.

मी बँकेत नोकरी केली. तिथे दहा रुपयांचे व्हाउचर असले तरी लिहिणाऱ्याची सही वेगळी आणि तपासणाऱ्याची वेगळी. सही नसेल तर नोंद पुढे सरकत नाही. आणि इथे साऱ्या देशाने गुणगुणलेल्या गाण्यांखाली लिहिणाऱ्याची साधी आद्याक्षरेही नाहीत! अँथनी गोन्साल्विस हे नाव 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे घरोघरी पोचले. पण ते प्यारेलालजींच्या खऱ्याखुऱ्या व्हायोलिन गुरूंचे नाव आहे, हे किती जणांच्या गावी होते?

मात्र हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंनी करावा. ही गाणी खरे तर चिकचीच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चिकलाही स्वतंत्र संगीतकार म्हणून संधी मिळाली होती. देव आनंद आणि मधुबालेचा ‘नादान’ 1951 चाच. त्याचे संगीत चिक चॉकलेटचे. तलत मेहमूदचे त्यातले एक गाणे जाणकार अजून आवडीने ऐकतात. पण ‘नादान’ने त्याला संगीतकारांच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवले नाही. तो पुन्हा दुसऱ्यांच्या गाण्यांकडे वळला, आणि नंतर मदन मोहन यांच्याकडेही सहायक म्हणून राहिला. यात काही जण त्याचे अपयश पाहतील. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या चालीत नेमकी कुठे जागा आहे हे ओळखणे आणि ती जागा भरून बाजूला होणे, ही स्वतंत्र विद्या आहे. ती ज्याला साधते त्याने दुसऱ्यासाठी वाजवले म्हणून तो दुय्यम ठरत नाही. खटकते ते एवढेच, की त्या विद्येची नोंद कुठल्याच रकान्यात झाली नाही.

आता ती उशिरा का होईना होऊ लागली आहे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने स्टुडिओतल्या वादकांना शोधून बोलते केले. त्यांचे पुस्तक 2008 साली आले. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जाझचा इतिहास 2012 साली लिहिला. पण चिकपर्यंत यातले काही पोचले नाही. मे 1967 मध्ये, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 साली, चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला होता. राजेश खन्नाचा तो पहिला चित्रपट. संगीत खय्याम यांचे. त्यात रात्रीच्या क्लबातले एक गाणे आहे. तरुण भूपिंदर पडद्यावर गातो आहे आणि त्याच्या सोबतीला ट्रम्पेट घेऊन चिक आहे. एखाद्या रविवारी हे गाणे घरात लागले, तर मुला-नातवंडांना जवळ बोलवा. गाणाऱ्याचे नाव पडद्यावर येईलच. ट्रम्पेटवाल्याचे मात्र आपणच सांगायला हवे.