मोलोकाईचे फादर डेमियन

नकाशात पॅसिफिक महासागर शोधा. त्याच्या मधोमध हवाई बेटे ठिपक्यांसारखी दिसतील. त्यांतील मोलोकाई बेटाच्या उत्तरेला जमिनीचा एक सपाट तुकडा समुद्रात शिरला आहे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला भिंतीसारखा उभा कडा. १८६६ पासून हवाईचे सरकार कुष्ठरोग्यांना तेथे नेऊन सोडू लागले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. आईपासून मूल तोडले जाई. तेथे गेलेला रोगी सहसा परत येत नसे.

१० मे १८७३ रोजी त्या वस्तीत तेहेतीस वर्षांचा एक निरोगी माणूस आपण होऊन उतरला. ते होते फादर डेमियन. त्यांचे मूळ नाव जोसेफ. बेल्जियम देशातील ट्रेमेलो गावच्या शेतकऱ्याचे ते पुत्र. खरे तर हवाईला त्यांचे थोरले बंधू जाणार होते. पण ते आजारी पडले आणि धाकट्याने त्यांची जागा मागून घेतली. १८६४ मध्ये ते हवाईला पोहोचले व तेथेच पाद्री झाले. पुढे बिशपांनी मोलोकाईला जाण्यास कोण तयार आहे, असे विचारले. चौघांनी आळीपाळीने जावे, असा बेत होता. डेमियन प्रथम गेले आणि कायमचे राहिले.

राहायला घर नव्हते. पहिल्या रात्री त्यांनी चर्चजवळ केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. रोग्यांना शिवायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती. आता त्यांचा दिवस कसा जाई, ते पाहा. सकाळी प्रार्थना. मग झोपडी-झोपडीत जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. दुर्गंधी इतकी, की सुरुवातीला त्यांना बाहेर पळावे लागे. म्हणून ते पाईप ओढू लागले. दुपारी हातात करवत आणि हातोडा. घरे बांधायची, पाण्याचे नळ टाकायचे, अनाथ मुलांची काळजी घ्यायची. कोणी मेले, की शवपेटी तेच बनवीत आणि कबरही तेच खणत. जेवायला अळूचे कंद वाटून केलेली ‘पोई’. ती सर्वजण एकाच भांड्यातून बोटांनी खात. डेमियनही त्यांच्याबरोबर खात. ताकीद अशी रोज मोडत होती!

ते हट्टी होते. लाकूड, कपडे, औषधे यांसाठी ते अधिकाऱ्यांशी भांडत. मला तर वाटते, गरीब स्वभावाच्या माणसाचा तेथे निभाव लागला नसता.

एक प्रसंग ऐका. कॅथलिक पाद्री आपल्या चुका दुसऱ्या पाद्र्यापुढे एकांतात कबूल करतात. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले. पण कप्तानाने डेमियनना वर चढू दिले नाही. तेव्हा त्यांनी खाली होडीत उभे राहून, सर्वांच्या देखत, मोठ्याने आपल्या चुका सांगितल्या.

१८८४ च्या डिसेंबरात त्यांचा पाय कढत पाण्यात पडला. कातडीवर फोड आले, पण वेदना झाल्या नाहीत. त्यांनी ओळखले. कुष्ठरोगात कातडी बधिर होते. तरीही चार वर्षे त्यांनी करवत खाली ठेवली नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी ते वारले. त्यांना त्याच झाडाखाली पुरले.

आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. १९३६ मध्ये डेमियन यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. मोलोकाईच्या लोकांना ते फार लागले. शेवटी १९९५ मध्ये त्यांचा फक्त उजवा हात परत आला, आणि तो त्या जुन्या कबरीत ठेवण्यात आला.