पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच अंगणात गेली : ताराबाई मोडक यांची गोष्ट

डहाणू : अंगणवाडी नाही असं गाव आता शोधूनही सापडायचं नाही. पण हे नाव आलं कुठून असं विचारलं, तर रोज पोराला तिथं सोडून येणाऱ्यालाही सांगता येत नाही. ते लांबून कुठून आलेलं नाही. आपल्याच डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात, समुद्रकाठच्या वस्तीतल्या अंगणांत ते रुजलं. ज्यांनी रुजवलं त्या ताराबाई मोडक. नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण बाईंनी नेमकं केलं काय हे कमी लोकांना माहीत आहे.

ताराबाई मूळच्या मुंबईच्या. जन्म १९ एप्रिल १८९२, माहेर केळकरांचं. वडील प्रार्थना समाजातले, सुधारकी विचाराचे, त्यामुळे मुलगी शिकली. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात बाई बी.ए. म्हणजे गावभर चर्चा व्हावी अशी गोष्ट. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. पदरात लहान मुलगी. ताराबाई गुजरातेत राजकोटला गेल्या आणि मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. मान होता, पगार होता. एकट्या बाईनं अशी नोकरी धरून ठेवली असती तर कोणी नावं ठेवली नसती.

त्यांनी ती सोडली. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. वकिली सोडून ते लहान मुलांच्या मागं लागले होते. १९२० साली त्यांनी तिथं बालमंदिर काढलं. मुलांवर इतकी माया की त्यांना मिशीवाली आई म्हणायचे. छडी नाही, ओरडणं नाही, पाढ्यांची घोकंपट्टी नाही. इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत त्यांनी आपल्याकडं लावून बघितली होती. १९२३ मध्ये ताराबाई तिथं पोचल्या आणि मग आयुष्यभर याच कामात राहिल्या. १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शिक्षण पत्रिका नावाचं मासिक निघालं. आई-बापांना आणि मास्तरांना लहान मूल समजावून सांगायचं, हे त्या मासिकाचं काम. मराठी पत्रिका ताराबाईंनी सांभाळली.

आता ही पद्धत म्हणजे काय, ते जरा नीट बघायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मुलाचं वय बघून त्याच्या हाताला काम द्यायचं, हे तिचं मूळ. अडीच-तीन वर्षांच्या पोराला लिहायला बसवून उपयोग नाही, त्याची बोटंच अजून तयार नसतात. त्याला ओतायला आवडतं, भरायला आवडतं, वेचायला आवडतं. म्हणून त्याला एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतू द्यायचं. सांडेल, सांडू द्यायचं, मग फडकं देऊन त्यालाच पुसायला लावायचं. पाणी सांडलं तर आपल्याकडं धपाटा मिळतो, इथं तोच अभ्यास. बटण लावणं, हात धुणं, झाडू मारणं, ताट वाढणं या सगळ्याला जीवनव्यवहाराचं शिक्षण म्हणतात. त्यातून मनगट आणि बोटं वळायला लागतात. पुढं डोळे, कान, नाक, कातडी यांना काम. डोळे मिटून खरबरीत काय आणि गुळगुळीत काय ते ओळखायचं, वासावरून वस्तू सांगायची, जड-हलकं हातात तोलायचं, लहान-मोठं ओळीनं लावायचं. पाचाच्या आसपास मोजणं येतं, आणि अक्षरं त्याच्याही आधी बोटानं गिरवायची, खरबरीत कागदावर किंवा वाळूत. पेन्सिल अगदी शेवटी.

आज उलटं चाललंय. तीन वर्षांच्या पोराच्या पाठीवर दप्तर, वहीत ओळीनं एबीसीडी, आणि हे काढता येत नाही म्हणून आई रडकुंडीला आलेली. फी भरतोय म्हटल्यावर लिहिता यायलाच पाहिजे, हा हिशेब. ताराबाई शंभर वर्षांपूर्वीच याच्या विरुद्ध लिहीत होत्या.

पण या पद्धतीतही एक अडचण होती, ती पैशाची. मॉन्टेसरी बाईंचं साहित्य ठरलेलं असतं. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा लाकडी ठोकळे, खाचेत बसणारे दट्टे, रंगाच्या पट्ट्या, सगळं मोजून-मापून केलेलं आणि महाग. भावनगरला चाललं, मुंबईत दादरला ताराबाईंनी १९३६ मध्ये शिशुविहार काढलं तिथंही चाललं. तिथली मुलं खाऊन-पिऊन सुखी घरची. हे शिक्षण खेड्यातल्या, गरिबाच्या पोराला कसं मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना सोडेना. काम नावाजलेलं, शहरात मान, वय ५३. अशा वेळी बाई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पालघर जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा ठाणे जिल्हाच.

त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. मूळच्या मोरगावच्या, लहान वयात लग्न आणि लगेच वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. अनुताई ३५ वर्षांच्या. दोघींची गाठ पडली ती कायमची.

बोर्डीला बालवाडी तर निघाली. पण ज्यांच्यासाठी काढली ती गरीब वस्तीतली पोरं येईचनात. आई-बाप सकाळीच मजुरीला गेलेले. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं. अंगावर कपडा नाही, तर शाळेत जायचं कसं. काही घरांना तर आपलं पोर वरच्या आळीतल्या पोरांशेजारी बसेल हेच खरं वाटायचं नाही. दुसरं कोणी असतं तर लोकांनाच अडाणी ठरवून मोकळं झालं असतं. ताराबाई-अनुताईंनी पिशवी उचलली आणि वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी अंगणात पोरं गोळा केली, हात-तोंड धुतलं, केस विंचरले, गाणी म्हटली, खेळ मांडला. मध्ये एक बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांत अंगणात भरणाऱ्या या शाळा. त्यांनाच अंगणवाडी म्हणायला लागले.

महाग ठोकळ्यांची अडचणही इथंच सुटली. समुद्र जवळ, मग शंख-शिंपले फुकट. लहान-मोठे शिंपले ओळीनं लावले की ठोकळ्यांचंच काम झालं. मोजायला खडे आणि बिया. रंग ओळखायला पानं-फुलं. मातीचे गोळे, बांबूचे तुकडे, करवंट्या. अक्षरं गिरवायला वाळू काय कमी आहे. वस्तू बदलली, पण कोणत्या वयाला काय द्यायचं हा क्रम बदलला नाही, आणि खरी अक्कल त्यातच होती. नुसत्या बिया समोर ओतल्या म्हणजे बालवाडी होत नाही. कोणत्या पोराला आज काय, कालचं त्याला जमलं का, उद्या एक पायरी वर न्यायचं की तिथंच ठेवायचं, हे बाईनं रोज बघून ठरवावं लागतं. (आज घरी कोणी करून बघणार असेल तर एक ध्यानात ठेवा. तीन वर्षांच्या आतल्या पोराला चिंचोके-खडे देऊ नका. ते नाकात नाहीतर तोंडात जातात. त्याला मोठे शिंपले, करवंट्या, वाट्या द्या, आणि आपण समोर बसा.)

१९५७ मध्ये दोघींनी मुक्काम हलवला कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध. ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या. या वयात माणूस पेन्शनीचे कागद सांभाळतो.

कोसबाडला बोर्डीपेक्षा कठीण होतं. पाडे विखुरलेले, पोटाला पुरेसं नाही, शाळेची भाषा वेगळी आणि घरची वारली बोली वेगळी. इथं एक गोष्ट उघडी पडली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण ती धाकट्याला सांभाळते. धाकट्याची सोय केल्याशिवाय ती सुटत नाही. मग एकाच जागी तिन्ही ठेवलं. तान्ह्यांना पाळणाघर, त्याहून मोठ्यांना बालवाडी, त्याहून मोठ्यांना प्राथमिक शाळा. नाव विकासवाडी. मुलगी धाकट्याला घेऊनच यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि आपण वर्गात बसायची. ऐकायला साधं वाटतं, पण घरात लेकरू सांभाळणारी पोरगी असेल त्याला यातलं मोल कळेल.

तरी गुरं राखणारी पोरं राहिलीच. गुरं सोडून ती येणार कशी, मालक ठेवील का. मग शिक्षक कुरणावर गेले. गुरं चरतात, पोरं झाडाखाली बसतात, तिथंच खडे मोजायचे, तिथंच पानांचे आकार बघायचे, गाणी म्हणायची. हिला कुरणशाळा म्हणत. गुरं शेतात शिरली की वर्ग उठायचा, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

सगळं काही जमलं असं नाही. पोटासाठी कुटुंब बाहेर गेलं की पोरही जायचं, आणि वर्षभराची मेहनत वाहून जायची. पैशाची ओढाताण कायम. सरकारनं १९६२ मध्ये पद्मभूषण दिला. त्याआधी काही वर्षं ताराबाई मुंबईच्या विधानसभेतही होत्या, पण त्यांची ओळख राहिली ती बालवाडीची.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या, वयाच्या ८१ व्या वर्षी. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि गावातल्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, वजन ही कामं त्यात आली, ती हवीच होती. पण खिचडी शिजवून वाटली, रजिस्टर भरलं, मोबाईलवर माहिती चढवली की दिवस संपतो, असं आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. एका सेविकेच्या डोक्यावर एवढी कामं टाकल्यावर, कोणत्या पोराला आज काय द्यायचं हे ठरवायला तिनं वेळ कुठून काढायचा, याचं उत्तर वरच्यांनी द्यायचं आहे.

अनुताईंनी ताराबाईंच्या मागं कोसबाडचं काम सोडलं नाही. १९८५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सगळ्या वर्षांची हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, पुस्तकाचं नाव कोसबाडच्या टेकडीवरून. १९९२ च्या सप्टेंबरात त्याही गेल्या.