वरोऱ्याचा कोळसा आणि आयएसएमबी ३००

फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही चौघांनी जिनिंगच्या शेडचे स्टील मॉडेल करायला घेतले. (वऱ्हाडात राहून जिनिंगशिवाय दुसरे काय सुचणार?) बीमसाठी आयएसएमबी ३०० टाकायचा होता. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत पाहतो तर त्या नावाच्या दोन नोंदी! एकीत वजन मीटरला ४४.२ किलो, दुसरीत ४६ च्या आसपास. दोघांनी ही घेतली, दोघांनी ती. साहजिकच टनेज काही जुळेना आणि सरांनी फाईल परत केली. नंतर कळले, की पहिली नोंद जुन्या स्टील टेबलातली आणि दुसरी आयएस ८०८ च्या १९८९ च्या आवृत्तीतली. फ्लेंजची जाडी १२.४ वरून १३.१ मिमी झालेली आणि लायब्ररी भरणाऱ्याने नावापुढे सालच लिहिले नव्हते.

त्या रात्री होस्टेलवर वाद निघाला, की हे सेक्शन मुळात ठरवतो कोण? रोलिंग मिलमध्ये प्रत्येक सेक्शनसाठी रोलवर वेगळे खाचे कोरावे लागतात. म्हणून मनाला येईल त्या मापाचा बीम मिळत नाही, गिरणी जो काढते तोच लायब्ररीत येतो. मग आपल्या देशात अशी गिरणी आणायला कोण निघाले? उत्तर शोधत गेलो आणि पोहोचलो आपल्याच विदर्भात.

जमशेटजी नसरवानजी टाटांचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात. पहिला मोठा डाव मात्र त्यांनी मुंबई सोडून नागपुरात टाकला. लोकांना हे वेडेपण वाटले. पण हिशोब साधा होता. १८६७ मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली होती, वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी होता, कोळसा वरोऱ्याला जवळ. दलदलीची जागा भरून १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या भरभराटीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून पुढे जातो.

१८८२ मध्ये त्यांच्या हाती रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसाही लांब नाही, असा त्याचा आशय. राजेहो, इथून या माणसाने जो ध्यास घेतला तो मरेपर्यंत सोडला नाही! वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने तपासायला जर्मनीला नेले. निकाल वाईट आला. भट्टीत खनिजाचा भार पेलायचा तर कोळशापासून टणक, सच्छिद्र कोक बनावा लागतो. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. त्यात सरकारच्या खाणपरवान्याच्या अटी जाचक. काम पडून राहिले, ते थेट १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल होईपर्यंत.

दरम्यान सतरा वर्षे गेली होती. १९०२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तब्येत खालावलेली असताना हा गृहस्थ अमेरिकेला जाऊन पोलाद कारखाने पाहत हिंडला. पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी भेटले, त्यांच्या सांगण्यावरून चार्ल्स पेज पेरिन यांना गाठले. पेरिननी वेल्ड नावाचा भूशास्त्रज्ञ पाठवला. वेल्ड आणि जमशेटजींचे पुत्र दोराबजी चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज होते, पण अखेर उत्तर तेच, की कोक नाही, म्हणून इथे कारखाना नाही.

हा नाद सोडत असल्याचे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले, तर भिंतीवर भूशास्त्रीय नकाशा. त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा गडद रंग! त्या भागाची पाहणी प्रमथनाथ बोस यांनी पूर्वी केलेली होती. याच बोसांनी १९०४ मध्ये मयूरभंजच्या गोरुमहिसानी डोंगराची खबर पत्राने दिली. तिकडे झरियाचा कोक होणारा कोळसाही जवळ. कारखाना विदर्भातून गेला तो असा. मला याचे वाईट वाटते, पण भट्टीला प्रांताभिमान कळत नाही, हेही खरे.

जमशेटजींना यातले काहीच दिसले नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइमला त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी इंग्लंडात सेक्शनचे पहिले स्टँडर्ड निघून १७५ आकारांचे ११३ वर आले होते. इकडे १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली. शेअर घ्यायला तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीय पुढे आले. साकचीला फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये गावाचे नाव जमशेदपूर झाले. १९४३ च्या हावडा पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद लागले, त्यातले २३,००० टन या कारखान्याचे. आपले स्वतःचे आयएस ८०८ आले ते १९५७ मध्ये, म्हणजे तोवर आपले इंजिनिअर मुख्यतः ब्रिटिश सेक्शनवरच डिझाईन करत होते.

आम्ही लायब्ररीतल्या दोन्ही नोंदींपुढे साल लिहिले, जुनी वेगळ्या फोल्डरात टाकली आणि टनेज पुन्हा काढले. या खेपेला हातच्या हिशोबाशी जुळले. सरांनी सही केली, पण पर्लिनमध्ये अजून चूक आहे म्हणाले.