स्वामी रामानंद तीर्थ

पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. हिप्परगा व अंबाजोगाई येथे त्यांनी अध्यापन केले. काषायवस्त्रे धारण करूनही त्यांनी राजकारणात धर्म आणला नाही. १९३८ मध्ये आर्य समाज व हिंदू महासभेच्या आंदोलनांशी सरमिसळ होऊ नये, म्हणून स्टेट काँग्रेसने गांधीजींच्या सल्ल्याने आपला सत्याग्रह स्थगित केला. स्वामीजी तेव्हा कारावासात होते.

तुर्कस्तानात १९२४ साली खिलाफत मोडणारे मुस्तफा केमाल सेनानीच होते. (पदच्युत खलिफांची कन्या १९३१ मध्ये निजामाची स्नुषा झाली.) पुढे तेथील सैन्य धर्मनिरपेक्षतेचे स्वयंनियुक्त रक्षक बनले आणि १९६० पासून निर्वाचित सरकारे उलथवू लागले. हैदराबादेतही रझाकारांचा अंमल सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्यानेच मोडला. परंतु जनरल चौधरी यांची लष्करी राजवट १९४९ अखेर संपली व १९५२ मध्ये लोकांनी मतदान केले. दरम्यान उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड जिल्ह्यांत मुसलमानांची मोठी प्राणहानी झाली. तिची नोंद करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल २०१३ मध्ये खुला झाला. मुक्तीच्या इतिहासातून हे पान गाळणे स्वामीजींच्या निष्ठेशी विसंगत ठरेल.

स्वामीजींनी मुख्यमंत्रिपद स्वीकारले नाही. गुलबर्ग्याहून ते लोकसभेवर गेले. भाषावार विभाजनाचा त्यांनी पुरस्कार केला. १९५६ मध्ये उदगीर मुंबई राज्यात गेले, कोहिनूर-कल्याणचा परिसर म्हैसुरात आला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.